जुन्याप्रमाणे बैठक

मोटारसायकल दोन वर्षं जिन्याखाली उभी होती. तिच्यावर मी, ज्या वसतिगृहाची कोठी सांभाळते तिथून बाद झालेल्या सतरंज्या टाकल्या होत्या. महिन्यातून एकदा त्या काढून अंगणात झटकायच्या आणि परत घालायच्या, हे काम माझ्या यादीत असे. झटकून झाल्यावर परत घालताना मी तोंड भिंतीकडे करी. हात आपोआप चालत. पुढे हँडल, मध्ये गादी, मागे लोखंडी कॅरिअर.

गाडी यांची होती. हे संस्थानच्या फौजेत गाडीवरून निरोप पोचवणारे स्वार. लढाईत परदेशी जाऊन आले आणि आल्यावर फौजेच्या लिलावातून ही गाडी घेतली. मातकट रंगाची, जड, पुढे स्प्रिंगांवर बसवलेली एकट्याची चामडी गादी. दुसऱ्याला बसायला जागा नव्हतीच. मी कॅरिअरवर घोंगडीची घडी टाकून बसे, दोन्ही पाय डावीकडे सोडून आणि हात यांच्या गादीच्या स्प्रिंगला धरून. दर रविवारी मुरारला नाही तर किल्ल्याच्या पायथ्याला, लग्नामुंजीला, कुठेही आम्ही असेच जायचो. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे घोंगडीची घडी कधी बदलावी लागली नाही.

संस्थान विलीन झालं तेव्हा त्याची फौज देशाच्या फौजेत घ्यायची ठरली. एकेका माणसाला तपासून घेत होते. स्वारांना साहेबांसमोर मैदानात गाडी चालवून दाखवावी लागली. हे दुपारी घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि हसून म्हणाले, "म्हणे माझी बैठक वाकडी आहे."

यांचं घराणं शिलेदारांचं. स्वतःचा घोडा, स्वतःचं खोगीर घेऊन दक्षिणेतून आलेलं. त्या घरातल्या माणसाला बैठक वाकडी म्हणून घरी पाठवणं म्हणजे काय, ते मला सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी ठरवून टाकलं की लढाईत गाडीवरून पडले होते, तो कंबरेचा मार. यांनी ते नाकारलं नाही, कबूलही केलं नाही. पुढे एका बसच्या डेपोत नोकरी धरली, आणि तीन पावसाळ्यांनंतर विषमज्वराने गेले.

ते गेल्यावर संध्याकाळी सहाच्या सुमारास मला गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज येई. मी असल्या गोष्टींना भिणारी नाही. मी वार आणि वेळ लिहून ठेवू लागले. पंधरा दिवसांत उलगडा झाला: नया बाजारातले एक डॉक्टर तसलीच गाडी घेऊन आठवड्यातून तीनदा आमच्या मागच्या गल्लीत एका पेशंटकडे येत. कागद फाडून टाकला. पण आवाज आला की चुलीवर आधण ठेवायला हात जायचा, तो पुढेही जातच राहिला. पेशंट बरा झाला, डॉक्टर यायचे थांबले, तरी सहाला आधण ठेवलेलं असे.

मग पुन्हा सगळं हललं. मध्यभारत मोडून मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, असं ठरलं. माझे धाकटे दीर जमाबंदीच्या कचेरीत कारकून होते. रोज येऊन सांगत की आज कागदपत्रांचे किती बस्ते ट्रकवर चढले, कुणाचं टेबल गेलं, कुणाची नुसती खुर्ची राहिली. कचेरीतल्या माणसांच्या तीन याद्या लागल्या. एक भोपाळला जाणाऱ्यांची, एक इथेच राहणाऱ्यांची आणि एक फाजिलांची, म्हणजे कामावरून कमी होणाऱ्यांची. भाऊजींचं नाव तिसऱ्या यादीत होतं. माझी जाऊ तेव्हा पहिलटकरीण, माहेरी उज्जैनला गेलेली. कोठीच्या माझ्या पगारावर दोन माणसं कशीबशी जेवली असती. चार जेवली नसती.

एकच वाट उघडी होती. नव्या हद्दींची पाहणी करायला एक फिरता कारकून हवा होता. अट अशी, की त्याच्याकडे स्वतःचं वाहन हवं आणि जमीन मोजायची साखळी वाहणारा शिपाई मागे बसवून नेता आला पाहिजे. आठ दिवसांनी साहेब कचेरीसमोरच्या मैदानात वाहन चालवून बघणार होते.

भाऊजींनी हे मला जेवताना सांगितलं आणि लगेच म्हणाले की त्यांनी अर्ज केलेला नाही.

"का?"

"दादाची फटफटी मी नाही घेणार, वहिनी. मला डर वाटतो."

"कशाचा?"

"मी बसलो आणि त्याला पसंत नाही पडलं तर?"

मी म्हटलं, "तुमचं मूल उपाशी राहिलेलं त्यांना पसंत पडेल का? भाजी घ्या आणि उद्या अर्ज करा. त्याआधी जिन्याखालच्या सतरंज्या काढा."

त्यांनी काढल्या. मी या वेळी भिंतीकडे बघितलं नाही. वसतिगृहाच्या जुन्या हजेरीच्या पाठकोऱ्या कागदावर यादी केली: टायरं, ट्यूब, बॅटरी, ब्रेकची तार, तेल, मागचं मडगार्ड, दोघांची गादी. पहिली पाच कामं भाऊजींना दिली. शेवटची दोन माझ्याकडे ठेवली.

मागचं मडगार्ड सडलं होतं. त्याला कारण आमच्या घरची रीत. दसऱ्याला घोड्याला न्हाऊ घालून ओवाळायचं, खोगिराच्या मागे झेंडूची माळ बांधायची आणि ती कोजागरीपर्यंत सोडायची नाही. घोडे गेले, गाडी आली. यांनी सगळं गाडीला केलं. घागरीने पाणी ओतलं, हळदकुंकू लावलं, माळ कॅरिअरखाली मडगार्डावर बांधली. मीच गुंफून दिलेली ओली माळ पाच दिवस त्या पत्र्याला चिकटून असे. घोड्याची पाठ वाळते, पत्रा गंजतो, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. माळेच्या रुंदीचा एक पट्टा बरोब्बर आरपार खाल्लेला होता, चाळणीसारखा.

पत्र्याचं काम करणारा आमच्याच आळीत होता. त्याने मोडीत निघालेल्या ट्रकचा जाड पत्रा घेतला, चाकाच्या गोलाईवर ठोकून ठोकून वळवला, आणि टायर व पत्रा यांच्यात दोन बोटांची फट ठेवली. दोघांची गादी मागे मडगार्डावर टेकणार, म्हणून खालून लोखंडी पट्टी रिबिटांनी बसवली. मी वर उभं राहून बघितलं, पत्रा दबला नाही. कॅरिअर मात्र काढावं लागलं. ते त्याने भिंतीला टेकवून ठेवलं. नेऊ का, असं त्याने विचारलं. मी त्याला घेऊन जायला सांगितलं.

गादीसाठी पाटणकर बाजारात गेले. तिथे एक म्हातारे उस्ताद होते. संस्थानच्या रिसाल्याची खोगिरं त्यांनी शिवलेली. रिसाला गेल्यावर ते टांग्याच्या घोड्यांचे पट्टे आणि पोरांची दप्तरं शिवत. यांच्या वडिलांचं खोगीरही त्यांच्याच हातचं. आमच्याकडे नवं खोगीर कधी नव्याने बेतत नसत. जुनं खोगीर उस्तादांकडे द्यायचं आणि त्यावरून शिवून घ्यायचं; बापाच्या बैठकीवर मुलगा बसायचा, म्हणजे बैठक घरात राहते, असं मानत. मी तेच केलं. भाऊजींना न्यायचं मला सुचलंसुद्धा नाही. यांची जुनी गादी उस्तादांपुढे ठेवली आणि माझ्या यादीत लिहिलं होतं ते वाचून दाखवलं: पुढची बैठक जुन्याप्रमाणे, मागची सपाट, एकाच चामड्यात.

उस्तादांनी गादीवर तळहात फिरवला, एका जागी थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता ओला नमदा, म्हणजे खोगिराखालचा दाबलेल्या लोकरीचा थर, तिच्यावर पसरून ठसा घ्यायला लागले.

सहाव्या दिवशी गादी बसली. काम देखणं होतं. काळं चामडं, कडेला दुहेरी शिवण, नव्या मडगार्डावर मागचा भाग अगदी चपखल. भाऊजींनी कोरा सदरा घातला होता. मी त्यांना गोरखीच्या वाड्यापर्यंत जाऊन परत या म्हटलं आणि दारात उभी राहिले.

गाडी सुरू झाली. भाऊजी बसले, पाय उचलले आणि निघाले. दहा हातांवर गेले आणि मला ते दिसलं. उजवा खांदा खाली, डावं कोपर थोडं वर, मान त्याच बाजूला कललेली. हे रोज फौजेच्या तळावर जात तेव्हा ज्या दारातून मी यांची पाठ बघे, त्याच दारातून तीच पाठ बघत होते. समोरच्या काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मला वेडबिड लागलं नव्हतं. ते त्यांनाही दिसलं होतं.

भाऊजी पायी परत आले, गाडी ढकलत. वळणावर एका टांग्याच्या चाकात जाता जाता वाचले होते. घामाने सदरा अंगाला चिकटला होता.

"वहिनी, मी सरळ बसतो आणि मला कोणी तरी उजवीकडे ओढतं. खरंच सांगतो. मागे वळून पण बघितलं."

"कोण होतं मागे?"

"कोणी नव्हतं."

मी त्यांना पाणी दिलं. ते म्हणाले की परवाची परीक्षा सोडून देतो. दादाला साहेबांनी वाकडी बैठक म्हणून परत पाठवलं, आता तीच बैठक घेऊन मी जायचं आणि तेच ऐकून यायचं. मी म्हटलं, अजून उद्याचा अख्खा दिवस आहे. पण त्या संध्याकाळी सहाला मी आधण ठेवलं नाही. चुलीपाशी गेलेच नाही. काही ओढत असेल तर ते घरात यावं असं मला पहिल्यांदाच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गादी काढून, कापडात बांधून पाटणकर बाजारात नेली. उस्ताद दुकान आवरत होते, दुपारच्या गाडीने मुलीकडे झाशीला निघाले होते. मी गादी पुढे ठेवली आणि म्हटलं की उजवीकडे खड्डा आहे. ते म्हणाले, आहेच. तुम्ही सांगितलंत तसा जुन्यावरून उतरवलेला आहे. मी यांच्या कंबरेच्या माराचं सांगितलं. नवीन बसणारा त्यांचा भाऊ आहे, त्याला मार नाही, हेही सांगितलं. तेव्हा त्यांनी हातातली पेटी खाली ठेवली.

मार लागलेला माणूस, ते म्हणाले, दुखऱ्या जागेला जपून बसतो; आज असा, उद्या तसा. त्याची गादी सगळीकडून चुरगळते. ही तशी नाही. हा एकाच बाजूचा, बरीच वर्षं, सारखा पडलेला भार आहे. घोड्याला एका बाजूने ओझं जास्त असलं की स्वार दुसऱ्या बाजूला सरतो, तसा. मग त्यांनी विचारलं, "पीछे कोई बैठता था? बाईं तरफ़ पाँव करके?"

मी हो म्हटलं.

त्यांनी कोण ते विचारलं नाही. माझ्या पायांकडे मात्र एकदा बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "उस्ताद का क़सूर नहीं है, बाई साब। जैसा था, वैसा बना दिया।"

त्यांना थांबता येत नव्हतं. नमद्याचे तुकडे, टोचा, मेण लावलेला दोरा दिला. खालची शिवण कुठून उसवायची आणि थर कडेला विरळ करत कसे घालायचे, ते दोनदा दाखवलं, एकदा माझ्याकडून करवून घेतलं.

घरी येईपर्यंत माझं सगळं जुळलं होतं. मार नव्हताच. रविवारी, सणाला, वर्षानुवर्षं मी डावीकडे लटकत होते आणि हे मला तोलायला उजवीकडे सरत होते. सरता सरता ती सवय झाली, मी नसतानाही. साहेबांसमोर मैदानात एकटे गेले तेव्हा मागे कोणी नव्हतं, पण ते मला धरूनच चालवत होते. साहेबांनी बघितलं ते लिहिलं.

यांना हे ठाऊक होतं का? शिलेदाराच्या पोराला आपण कुठे सरतो ते कळत नसेल, असं मला वाटत नाही. घरी येऊन हसून सांगितलं, तेव्हा ते माझ्याकडे बघत होते, टोपीकडे नाही. पण त्यानंतरच्या रविवारी त्यांनी गाडीला लाथ मारली, चला म्हणाले, आणि मी घोंगडीची घडी टाकून बसले. नीट बसा किंवा बसू नका, असं ते कधीच बोलले नाहीत. ज्याला विचारायचं तो माणूस नाही. जो प्रश्न यादीत लिहून सोडवता येत नाही, तो घेऊन घरात वावरायची मला सवय नव्हती.

जेवण झाल्यावर अंगणात पाटावर गादी पालथी घेतली आणि शिवण उसवली. आत हात घातला. चामड्याखालच्या नमद्यात खड्डा बोटांना स्पष्ट लागत होता. माझ्या पसरलेल्या पंजाएवढा, तळाशी गुळगुळीत. मी हात तसाच ठेवला. किती वेळ ते लिहिलेलं नाही.

मग पहिला थर घातला, दाबला, वरून चाचपला. दुसरा घातला. तिसरा घातल्यावर खड्डा बोटाच्या पेराएवढा उरला. मी थांबले. आणखी एक तुकडा हातात होता. तो नाही घातला तर कुणाला काय कळणार होतं? भाऊजी किंचित उजवीकडे कलले असते, इतकंच. दारातून पाठ बघताना मला तेवढं पुरलं असतं. मी तो तुकडा मांडीवर ठेवून बसून राहिले. समोरच्या काकूंनी काय चाललंय म्हणून विचारलं. गादी दुरुस्त करतेय, मी म्हटलं.

साहेबांच्या नजरेला पेरभर पुरतं, हे मला यांच्यावरून ठाऊक होतं. उज्जैनला एक बाई दिवस मोजत होती. मी तुकडा घातला, शिवण घातली, गादी गाडीवर चढवली आणि बैठकीवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. पाणी कुठल्याच बाजूने सांडलं नाही.

परीक्षेला मी गेले. भाऊजींचा डबा विसरला होता असं सांगायला डबा बरोबर घेतला होता. त्यांनी तो विसरावा याची काळजी मीच घेतली होती. कचेरीच्या ओट्याशी उभी राहिले. मैदानात रिकाम्या कपाटांच्या रांगा आणि बांधलेले बस्ते पडले होते. साहेब नवे होते, जबलपूरकडचे. साखळी वाहणारा शिपाई चांगलाच जाडा होता. त्याने मडगार्डाकडे बघून विचारलं, "मुन्शीजी, ये मुझे झेल लेगा?" लोक हसले. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी डबा वर करून दाखवला.

शिपाई साखळी खांद्यावर टाकून घोड्यावर बसतात तसा दोन्हीकडे पाय टाकून बसला. गाडी निघाली. एक फेरी, मग कपाटांच्या मधून दुसरी, मग साहेबांनी हात केला तिथून वळून तिसरी. पत्रा कुरकुरला नाही. मी पाठच बघत होते. दोन्ही खांदे एका रेषेत होते. ती भाऊजींची पाठ होती, थोडी बारीक, थोडी घाबरलेली, आणि तिच्यात दुसरं कोणी नव्हतं. मी पुन्हा नीट बघितलं. नव्हतं.

साहेब काही लांबलचक बोलले नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली, शिपायाला खाली उतरवलं आणि बारा वाजता हुकूम हातात दिला. भाऊजींनी तो दोनदा वाचला, घडी करून आतल्या खिशात ठेवला आणि ओट्याशी येऊन वाकून मला नमस्कार केला.

"आता बसा वहिनी, घरी सोडतो."

नको म्हणायचं काही कारण नव्हतं. मी बसले, पाय डावीकडे सोडून. लुगड्यात दुसरं कसं बसणार? बसायला आता खरी गादी होती. धरायला स्प्रिंग नव्हती, म्हणून गादीच्या मधला पट्टा धरला. निघालो तशी गाडी डावीकडे झुकली.

"वहिनी, थोडं बीचमध्ये सरका."

"मध्येच आहे मी."

ते सरळ बसले होते, जसं बसायला हवं तसं. मी डावीकडे होते. मला तोलायला उजवीकडे कोणी सरत नव्हतं. नया बाजाराच्या वळणावर हँडल थरथरलं आणि भाऊजींनी दोन्ही पाय जमिनीला लावले. थोडं उजवीकडे सरा, एवढं मी म्हटलं असतं तर पुढचा रस्ता नीट गेला असता. त्यांना ते जमलं असतं. आज जमलं असतं आणि वर्षभरात सवय झाली असती. साहेब दर तीन महिन्यांनी वाहन तपासणार, असं हुकुमात लिहिलं होतं.

मी त्यांना गाडी कडेला घ्यायला सांगितलं आणि उतरले.

"काय झालं? पडली असती तर नसती का मी सांभाळली?"

"सांभाळली असती. मला डिंक घ्यायचाय. जाऊबाईंना लाडू पाठवायचे आहेत. तुम्ही पुढे व्हा, आणि आधी उज्जैनला तार करा."

"मी थांबतो ना."

"थांबू नका," मी म्हटलं. "एकटे जा. सरळ जा."

ते गेले. मी वाण्याच्या दुकानाकडे वळले. गाडीचा आवाज लांब जात होता आणि जेवणाची वेळ झाल्यामुळे वाणी फळी लावायच्या बेतात होता. मी त्याला पाव शेर डिंक मागितला आणि तो मोजून देईपर्यंत रस्त्याकडे पाठ करून उभी राहिले.